पहिल्या पानावरचा इतिहास

नागपुरात सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत कुठेही फिरा, टॅली आणि स्पोकन इंग्लिशच्या पाट्यांशेजारी आता ‘डिजिटल मार्केटिंग’ची पाटी दिसते. अशा क्लासवाल्यांच्या मोफत कार्यशाळाही होतात. मी एकीत मागच्या रांगेत बसलो होतो. समोर कपड्याचे व्यापारी, टूर्सवाले, कोचिंगवाले, मोमिनपुऱ्यातली नोकरी शोधणारी दोन-चार मुलं. वक्ता बोलण्यात तयार होता. त्याच्या लेखी गुगलच्या पहिल्या पानावर न दिसणारं दुकान बंद पडल्यातच जमा होतं. दुकानाचं ठीक आहे. पण हाच नियम इतिहासाला लागला तर?

हा व्यवसाय जेमतेम तिशीतला. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी ‘याहू’ ही संकेतस्थळांची यादी सुरू केली. ती माणसं हाताने लावत. पुढच्याच वर्षी अल्टाव्हिस्टा आलं आणि शोधण्याचं काम यंत्राकडे गेलं. यंत्र कोणाला वर ठेवतं आणि का, हे जाणून घेण्याची गरज तेव्हा निर्माण झाली. वृत्तपत्रांत काम केलेल्या डॅनी सुलिव्हन यांनी १९९६ मध्ये ही माहिती संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी लिहून काढली. १९९९ पासून त्यांनी या विषयावर परिषदा भरवल्या आणि लोक पैसे भरून ऐकायला येऊ लागले. सर्चवर बोलणारा व्यावसायिक वक्ता अशा सभागृहांत घडला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं. जानेवारी २०१७ मध्ये गुगलने फिक्कीच्या सोबतीने छोट्या उद्योजकांसाठी तीन वर्षांत ४० शहरांमध्ये ५,००० कार्यशाळांची घोषणा केली. तोवर एसईओ हा शब्द आपल्या गल्लीतही पोहोचला होता.

सुरुवातीचे धडे चलाखीचे होते. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत तेच ते शब्द भरायचे, म्हणजे वाचकाला दिसत नाहीत आणि यंत्राला दिसतात. १९९८ मध्ये आलेल्या गुगलने वेगळं माप लावलं. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला की ती त्याच्या बाजूने साक्ष. ज्याच्या बाजूने वजनदार साक्षी जास्त, तो वर. मग साक्षीच विकत मिळू लागल्या. २०११ मध्ये ‘पांडा’ आणि २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ या बदलांनी गुगलने उथळ मजकूर आणि विकतचे दुवे यांना खाली ढकललं.

हे ऐकताना मला मदरशात शिकलेला एक जुना धडा आठवला. हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकीच महत्त्वाची असते इस्नाद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं त्याची साखळी. मुहद्दिस साखळीतला प्रत्येक माणूस तपासत. तो कोण होता, खरा होता का, ज्याच्याकडून ऐकलं म्हणतो त्याला भेटणं शक्य होतं का. बरेच रावी एकच गोष्ट सांगतात, एवढ्याने ते थांबत नसत. ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का, हेही पाहत. एकाच माणसाचं ऐकून शंभर जण बोलले, तरी मुळाशी साक्ष एकाचीच राहते. गुगल साक्षींना वजन देतं, पण अशी चौकशी करणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

याचा आपल्या इतिहासाशी थेट संबंध आहे. विदर्भातल्या पिंजारी किंवा मणिहार समाजाबद्दल इंग्रजीत शोधा. हमखास समोर येतो रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६ चा ग्रंथ. रसेल हे ब्रिटिश राजवटीचे अधिकारी, नजर प्रशासकाची, वर्णनं अनेकदा तुच्छतेची. पण त्या ग्रंथाचे चारही खंड प्रोजेक्ट गुटेनबर्गवर अक्षर अन् अक्षर टाइप केलेले आहेत. यंत्र ते वाचू शकतं, म्हणून शंभर वर्षांनंतरही आपली ओळख तेच करून देतात.

आपलं लिखाण कुठे आहे? १९७० मध्ये हमीद दलवाई यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मतभेदांसह मराठी मुसलमान स्वतःबद्दल स्वतःच्या भाषेत लिहीत होते. पण त्या काळातले बरेच अंक, स्मरणिका, पुस्तिका कागदावरच राहिल्या. काही स्कॅन झाल्या, म्हणजे यंत्राच्या दृष्टीने नुसतं चित्र. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपले छापखाने पुढे कितीतरी वर्षं श्रीलिपी आणि कृतिदेववर चालले. त्या फाँटमधला मजकूर माणसाला मराठी दिसतो, यंत्राला मात्र निरर्थक चिन्हांची रांग.

दुसरी अडचण नावांची. नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद. औरंगजेबाच्या दरबारात त्याने इस्लाम स्वीकारला आणि १७०२ च्या सुमारास बारा वाड्या-वस्त्या जोडून हे शहर उभं केलं. त्याचं नाव कोणी ‘बख्त बुलंद शाह’ लिहितं, कोणी ‘बुलंदशहा’, कोणी नुक्ता देऊन ‘बख़्त’. शेख, शैख, महंमद, मोहम्मद, मुहम्मद: आपली अर्धीअधिक नावं अशी. यंत्र काही रूपं जुळवून घेतं, काही हुकतात. एक माणूस चार जागी विखुरतो आणि चारही जागी मागे पडतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण फातिमा शेख यांचं. ९ जानेवारी २०२२ रोजी गुगलने त्यांचं डूडल लावलं. मग असंख्य पानांवर त्याच आठ-दहा ओळी फिरल्या. जानेवारी २०२५ मध्ये एका नामवंत पत्रकाराने समाजमाध्यमावर दावा केला, की हे पात्र आपणच रचलं. एकच गोंधळ उडाला. अनेकांनी पुरावा म्हणून त्या पानांचेच दुवे दिले, आणि ती सगळी एकमेकांची नक्कल निघाली. उत्तर छापील मराठीत होतं: सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र. त्यात फातिमाचा नावानिशी उल्लेख आहे. डूडलवर मिरवलेल्या जन्मतारखेला काय आधार, हा प्रश्न वेगळा आणि तो विचारलाच पाहिजे. पण पहिलं पान भरून असलेल्या साक्षींपेक्षा ते एक पत्र जड होतं.

म्हणून मोमिनपुऱ्यातल्या त्या मुलांनी हा धंदा जरूर शिकावा, पोट त्यावर चालेल. सोबत एक काम घराचंही करावं. आजोबांच्या ट्रंकेतली स्मरणिका, मोहल्ल्याच्या वाचनालयातला जुना अंक युनिकोडमध्ये टाइप करावा. नाव लिहिताना त्याची प्रचलित रूपंही मजकुरात द्यावीत. ऐकीव असेल तिथे ऐकीव म्हणावं, आणि प्रत्येक गोष्टीखाली लिहावं: कोणाकडून कळलं, कुठे छापलं होतं, कोणत्या साली. वर येण्याची कला वक्ता शिकवतोच आहे. साखळी जोडण्याची कला आपल्या घरात बाराशे वर्षं आहे. दोन्ही एकत्र आल्या, तर आपली ओळख सांगायला रसेलची गरज राहणार नाही.