बोर-ढग्याच्या रानवाटा

वर्धा जिल्हा म्हटला की सेवाग्राम, पवनार आणि कापसाची काळी शेते डोळ्यांसमोर येतात. मात्र जिल्ह्याच्या उत्तरेला सेलू, आर्वी आणि कारंजा (घाडगे) तालुक्यांत सातपुड्याच्या टोकाकडील टेकड्यांची रांग आहे. घाटमाथ्याचे उभे कडे किंवा सांदण दरीसारखी चिंचोळी घळ येथे आढळत नाही. काळ्या बेसाल्टच्या बुटक्या टेकड्या, त्यांमधून कोरले गेलेले नाले आणि साग, ऐन, तेंदू, मोह व बांबूने भरलेली खोरी हे या रानाचे रूप आहे. समूहाने दिवसभराची पायी भ्रमंती करू इच्छिणाऱ्यांसाठी बोर आणि ढगा ही येथील दोन महत्त्वाची नावे होत.

बोरचे अरण्य

बोर नदीवरील धरणाभोवतीच्या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. मूळ क्षेत्र सुमारे ६१ चौरस किलोमीटर होते. पुढे नवीन बोरचे क्षेत्र जोडले गेले आणि २०१४ मध्ये सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्या वेळी तो देशातील सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्प होता. आकार लहान असला तरी स्थान मोक्याचे आहे. पेंच, ताडोबा, मेळघाट आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्या मधोमध असलेले हे जंगल वाघांच्या स्थलांतरातील विसाव्याचे ठिकाण ठरते. वाघाखेरीज बिबट्या, अस्वल, रानकुत्रे, सांबर, चितळ आणि नीलगाय येथे आढळतात.

ढग्याची पायवाट

बोरच्या पश्चिमेला खरांगण्याच्या पुढे डोंगरात ढगा हे महादेवाचे स्थान आहे. पवनारला विनोबांच्या आश्रमापाशी भेटणारी धाम नदी याच टेकड्यांमधून उगम पावते. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते आणि आसपासच्या गावांतील भाविक रानातून वाट काढत दर्शनाला येतात. समूहाने जंगलातून चालण्याची वैदर्भीय परंपरा हीच. तिच्यात गिर्यारोहणाचा अभिनिवेश नाही. सोबतीने निघावे आणि दिवस मावळण्याआधी परतावे एवढेच पथ्य आहे.

वाट कोणाची?

हे पथ्य किती मोलाचे आहे, हे २०१७ या एका वर्षाने दाखवून दिले. ब्रह्मपुरी परिसरातून पकडलेली एक वाघीण त्या वर्षी जुलैमध्ये बोरच्या जंगलात सोडण्यात आली. ती प्रकल्पाबाहेर पडली, माणसांवर हल्ले झाले, तिला ठार मारण्याचा आदेश निघाला आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर ऑक्टोबरमध्ये शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने तिचा मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस बोरचा प्रसिद्ध वाघ ‘बाजीराव’ नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेत मरण पावला. प्रकल्पाची सीमा नकाशावर असते, वाघाच्या पावलांना ती ठाऊक नसते. म्हणूनच प्रकल्पाबाहेरचे जंगल ‘मोकळे’ समजून त्यात शिरणे धोक्याचे आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात विनापरवाना प्रवेश करता येत नाही. बोरच्या गाभा क्षेत्रात पर्यटकांसाठी वाहनातून सफारीचीच सोय आहे. पायी भ्रमण करावयाचे असल्यास प्रकल्पाबाहेरील वाट निवडावी, वन विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी आणि वाट जाणणारा स्थानिक माणूस सोबत ठेवावा.

भ्रमंतीची शिस्त

गट लहान असावा व सर्वांनी एका ओळीत चालावे. पुढे वाटाड्या, मागे अनुभवी व्यक्ती आणि मध्ये मुले व नवखे असा क्रम ठेवावा. पहाटे अंधारात किंवा तिन्हीसांजेला दाट झाडीत राहू नये. नाल्याच्या वळणावर आणि उंच गवतात समोरचे दिसत नाही; तेथे थांबून कानोसा घ्यावा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडतात तेव्हा अस्वले झाडाखाली येतात आणि फुले वेचणारी माणसेही तेथेच असतात. या काळात मोहाखाली विसावा घेणे टाळावे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि बहुतेक नाले कोरडे पडतात. उरलेल्या पाणवठ्यांवर वन्यप्राण्यांचा पहिला हक्क असतो. त्यामुळे पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. पावसाळ्यात नाले अचानक फुगतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यास सर्वांत सोयीचा.

कसे जाल?

हावडा-मुंबई लोहमार्गावरील वर्धा व सेवाग्राम ही जवळची स्थानके आहेत. बोर धरणाकडे सेलू-हिंगणीमार्गे, तर ढग्याकडे खरांगणामार्गे जाता येते. पावसाळ्यात गाभा क्षेत्र पर्यटनासाठी बंद असते. निघण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी.