गच्चीवरील शेती (मुंबई)

ओला कचरा आणि पालापाचोळा जागच्या जागी कुजवून केलेल्या मातीत, इमारतीच्या गच्चीवर भाजीपाला व फळझाडे पिकवण्याची पद्धत. मुंबईत तिचा पाया कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवारा’त आहे. दाभोळकर गणिताचे शिक्षक. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांना त्यांनी एकमेकांचे प्रयोग ताडून पाहायची सवय लावली. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरतात, हा त्यांचा हिशेब. १९८५ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. गुंठाभरही जमीन नसलेल्या शहरात हा विचार नेला डॉ. आर. टी. दोशी यांनी. उसाची चिपाडे आणि पाचोळा भरलेल्या पिशव्यांत त्यांनी आपल्या गच्चीवर पिके घेतली.

सर्वांत बोलके उदाहरण मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराचे. तेथील केटरिंग अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास दोशींच्या मार्गदर्शनाने स्वयंपाकघराच्याच गच्चीवर, सुमारे ३००० चौरस फुटांत, बाग उभी केली. हजारो कामगारांचा स्वयंपाक म्हणजे रोजची देठे, साली आणि उष्टे-खरकटे. ते कचऱ्याच्या गाडीत जाण्याऐवजी जिना चढून वर जाऊ लागले. या कामाचे मोल इथेच आहे : कचरा जिथे होतो तिथेच त्याची माती झाली.

माती करण्याची एक रीत ‘अमृतमाती’ची, ती दाभोळकरांच्या परंपरेतील दीपक सचदे यांनी प्रचारात आणली. १० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ कालवून तीन दिवस ढवळत ठेवतात, चौथ्या दिवशी त्यात दसपट पाणी घालतात. या ‘अमृतजला’त भिजवलेल्या पाचोळ्याचे आणि थोड्या मातीचे थरावर थर रचून ढीग लावतात, अधूनमधून परततात. कुजल्यावर त्यावर मिश्र बियाणे पेरून कोवळी रोपे त्यातच छाटून मिसळतात. घाई इथे चालत नाही. माती हाती यायला चार-साडेचार महिने लागतात. मात्र ती साध्या मातीपेक्षा हलकी असते आणि स्लॅबवर भार कमी येतो. सोसायट्यांच्या आवारात हाच पाचोळा अजूनही झाडून पेटवला जातो. इतका उत्तम कच्चा माल धुरात घालवणे अक्षम्य आहे.

२००९ मध्ये पाटील यांनी ‘अर्बन लीव्ज’ हा स्वयंसेवी उपक्रम सुरू केला. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवर स्वयंसेवकांनी मिळून केलेली सामुदायिक शेती ही त्याचीच शाखा.