गांजा, सरकारी कर आणि ९८ रुग्ण

"डॉक्टर, पूर्वी सरकारच गांजावर कर घेत होतं, मग तो वाईट कसा?" असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक कधीकधी विचारतात. त्याचं उत्तर इतिहासात आहे.

ब्रिटिश काळात गांजाविक्रीच्या परवान्यांचा लिलाव होई आणि सरकारला महसूल मिळे. गांजाने वेड लागतं अशी ओरड झाल्यावर १८९३ साली सात सदस्यांचं 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. त्याने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळांतल्या १८९२ च्या नोंदीही तपासल्या. २२२ रुग्णांच्या आजाराचं कारण गांजा-भांग असं लिहिलं होतं. नीट चौकशी केल्यावर ९८ रुग्णांबाबतच ते मान्य झालं. अनेकदा रुग्णाला आणणाऱ्या पोलिसाने सांगितलेलं कारणच नोंदवलं जाई.

कमिशनने बंदी नको म्हटलं. कर आणि परवान्यांनी वापर आटोक्यात ठेवा असं सुचवलं. पण अतिसेवन घातक आहे, हेही नमूद केलं. पुढे १९८५ च्या कायद्याने गांजावर बंदी आली.

यातून काय घ्यायचं? ९८ म्हणजे शून्य नव्हे. किशोरवयात, रोज, तीव्र गांजा ओढल्यास मनोविकाराचा धोका वाढतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण घरातलं कुणी अचानक असंबद्ध बोलू लागलं, तर "गांजाच असणार" म्हणून थांबू नका. मेंदूज्वर, साखर कमी होणं, थायरॉइड, डोक्याला मार, यांतलं काहीही असू शकतं. लगेच डॉक्टरांकडे न्या आणि व्यसन असेल तर लपवू नका. चुकीच्या नोंदीने उपचारही चुकतात.