निर्वासित कोणाला म्हणायचं?

माझा विषय तत्त्वज्ञानाचा. पण आज बोलणार आहे ते एका अभ्यासशाखेच्या इतिहासाबद्दल, आणि सुरुवात करतो एका प्रश्नापासून. बऱ्याच वर्षांपूर्वी वर्गात मी निर्वासितांच्या हक्कांवर शिकवत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. त्याचे आजोबा कोयनेच्या खोऱ्यातले, गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तो म्हणाला, "सर, तुमच्या व्याख्येत आम्ही कुठे बसतो?" मी तेव्हा पटकन सांगितलं, "तुम्ही निर्वासित नाही, धरणग्रस्त." उत्तर बरोबर होतं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि लक्षात आलं, की आपण त्याला फक्त एक शब्द दिला. त्या उत्तराचं काय करायचं, हाच आजचा विषय.

शब्दांपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात 'निर्वासित' म्हटलं की जुन्या माणसांना आठवतं कल्याण. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथल्या लष्करी छावणीत आली. 1949 साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आजही तिथे पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर तीन' म्हणतात. त्याच्याही आधी, 1943 ते 1948 या काळात, कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरातून उचलून दूर पाठवलं होतं, तिथून ते इराणमार्गे इथवर आले.

आता गंमत बघा. 1951 साली जिनिव्हात निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याची व्याख्या अशी: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सार्थ भीती असलेला आणि स्वतःच्या देशाबाहेर असलेला माणूस. त्यातही 1 जानेवारी 1951 पूर्वीच्याच घटना धरल्या होत्या. ही अट 1967 च्या प्रोटोकॉलने निघाली. फाळणीत लाखो माणसं सीमा ओलांडून आली, पण ज्या देशात आली त्यानं त्यांना आपलं मानलं, म्हणून ती या चौकटीत बसली नाहीत. भारताने या करारावर आजवर सही केलेली नाही. म्हणजे आपण ज्यांना सर्रास निर्वासित म्हणतो, ते कायद्याच्या भाषेत निर्वासित नाहीतच!

अभ्यासकांचं काय? 1939 साली सर जॉन होप सिम्पसन यांचा निर्वासितांच्या प्रश्नावरचा मोठा ग्रंथ आला. 1943 साली हाना आरेंट यांनी, स्वतः निर्वासित असताना, 'वुई रेफ्युजीज' हा निबंध लिहिला. पुढे 1951 च्या ग्रंथात त्यांनी मुद्दा मांडला, की माणसाचे हक्क जन्मजात असतात असं आपण म्हणतो खरं, पण राज्य पाठीशी नसलं की त्या हक्कांना विचारणारं कोणी नसतं. हक्क असण्याचाच हक्क आधी हवा. पण विद्यापीठात या विषयाला स्वतंत्र खोली मिळायला 1982 साल उजाडलं. ऑक्सफर्डमध्ये बार्बरा हॅरेल-बॉन्ड यांनी अभ्यासकेंद्र सुरू केलं. 1986 च्या त्यांच्या पुस्तकात दक्षिण सुदानमधल्या युगांडाच्या निर्वासितांचा अभ्यास आहे. मदत करणारे लोक समोरच्याला असहाय मानूनच मदत कशी लादतात, हे त्यांनी दाखवलं. मदत करणाऱ्यांना ते अर्थातच आवडलं नाही.

दुसरा प्रवाह मात्र वेगळ्याच वाटेनं येत होता. 1956 पासून एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर झांबेझी नदीवरच्या करिबा धरणानं हटवलेल्या ग्वेंबे टोंगा लोकांमध्ये काम करत होते. आणि आपल्याकडे 1969 साली इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांचं कोयना विस्थापितांचं सर्वेक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं छापलं. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांच्या पिढीकडे अभ्यासकांनी पाहिलं होतं. फक्त ते 'निर्वासित' या कप्प्यात ठेवलं नव्हतं. पुढे मायकेल चेर्निया यांनी विस्थापनाचे आठ धोके मोजले: जमीन, रोजगार, घर जाणं; परिघावर ढकललं जाणं; अन्नाची टंचाई; आजारपण; सामायिक साधनं गमावणं; आणि समाजाची वीण उसवणं.

हे दोन्ही प्रवाह पुढे 'सक्तीचं स्थलांतर' या एका नावाखाली आले. मला वाटलं, चला, प्रश्न सुटला. पण 2007 साली कायदेपंडित जेम्स हॅथवे यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: निर्वासिताला परक्या देशाकडे मागण्याचा एक खास हक्क आहे, सगळ्यांना एका पोत्यात भरलंत, तर तो हक्क पातळ होईल. मला ही हरकत आधी कोरडी वाटली. आता वाटत नाही. निर्वासिताचा प्रश्न असतो, 'मला परत पाठवू नका.' धरणग्रस्ताचा प्रश्न असतो, 'माझ्याच सरकारनं माझ्याशी असं का केलं?' दुःख सारखं असेल, पण दाद मागायचं दार वेगळं आहे. आणि चुकीच्या दारावर थाप मारत बसलेल्या माणसाला कोणी उघडत नाही.

मग विद्यार्थ्याला काय सांगायला हवं होतं? हेच, की "तू निर्वासित नाहीस, म्हणून तुझा हक्क कमी आहे असं नाही, तो दुसऱ्याकडे मागायचा आहे, आणि तो कोणाकडे, ते आपण शोधू." मी पहिलं अर्धं वाक्य बोललो आणि थांबलो. व्याख्या सांगून थांबणं ही आम्हा मास्तरांची जुनी खोड. व्याख्या हवीच, पण ती सांगितल्यावर पुढे विचारावं लागतं, की ती कोणाला आत घेते, कोणाला बाहेर ठेवते, आणि बाहेर राहिलेल्यानं जायचं कुठे.

आज एवढंच. प्रश्न असतील तर विचारा.