उसन्या ड्रायव्हरची कुळकथा

2003च्या सुमारास लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की, यवतमाळात काय आणि बर्लिनमध्ये काय, एकच रडगाणं असायचं: स्क्रीन चालतो, आवाज येतो, वाय-फाय मात्र दिसतच नाही. ब्रॉडकॉमसारख्या कंपन्या ड्रायव्हर द्यायच्या तो विंडोजपुरता, आणि चिपची आतली माहिती तर कुणालाच द्यायच्या नाहीत.

पॉन्टस फुक्स यांनी 2003 साली यावर धाडसी तोड काढली. विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये चालवायचा! त्या कामाचं नाव एनडिसरॅपर. पुढे गिरिधर पेम्मसानी यांनी ते नेटाने वाढवलं. सीडीवरची .inf आणि .sys अशी जोडफाइल काढायची, ndiswrapper -i ही आज्ञा द्यायची, मॉड्यूल चढवायचं, की कार्डाचा दिवा लागायचा.

दुसऱ्या प्रणालीचा ड्रायव्हर चालवण्याची कल्पना एनडिसरॅपरहून जुनी आहे. शंतनू गोयल आणि डॅन डुशॅम्प यांनी 1996 साली लिनक्सचे ड्रायव्हर माख या कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, चालवून दाखवले होते. पण तिथे सोर्स कोड हाताशी होता. फुक्स यांच्या हाती होती ती नुसती बंद बायनरी.

खरी कारागिरी इथेच आहे. ड्रायव्हरला मेमरी लागते, टायमर लागतो, लॉक लागतं, आणि हे सारं तो विंडोजच्या कर्नलकडे ठरलेल्या नावांनी मागतो. एनडिसरॅपरने त्याच नावांची फंक्शन्स लिनक्समध्ये लिहून ठेवली. 64 बिटांवर तर प्रत्येक हाकेला अदलाबदल करावी लागे, कारण विंडोज पहिला आर्ग्युमेंट RCX रजिस्टरमध्ये ठेवतो आणि लिनक्स RDIमध्ये. शिवाय विंडोजचे ड्रायव्हर 12 केबी स्टॅक गृहीत धरत. लिनक्स कर्नल 4 केबी स्टॅकवर बांधलेला असला, तर मशीन जागच्या जागी थिजायचं.

लिनक्स कर्नल लिहिणाऱ्यांना हे मुळीच रुचलं नाही. बंद बायनरी आत शिरली की दोष शोधायचा कसा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. पण ज्याच्याकडे दुसरं कार्ड घ्यायला पैसे नव्हते, त्याला इंटरनेट मिळालं ते याच वाटेने, आणि माझ्या लेखी हे मोल मोठं आहे.

सप्टेंबर 2010मध्ये ब्रॉडकॉमने आपल्या नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला आणि एनडिसरॅपरची गरज ओसरत गेली. युक्ती मात्र टिकली. 2012मध्ये कार्स्टन मुंक यांच्या लिबहायब्रिसने अँड्रॉइडचे ड्रायव्हर साध्या लिनक्सवर चालवले, आणि योला कंपनीचे फोन त्याच जोरावर उभे राहिले. हायकू ही छोटी प्रणाली आजही नेटवर्क कार्डांसाठी फ्रीबीएसडीचे ड्रायव्हर वापरते.

यवतमाळच्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी एनडिसरॅपरच्या सोर्समधली ntoskernel.c ही फाइल एकदा उघडून ओळीओळीने वाचावी. ती खुली आहे, फुकट आहे.