एल्क-शिकारीची गोळी
एल्क-शिकारीची गोळी : उत्तर अमेरिकेतील एल्क (वापिटी) या मोठ्या हरणाच्या शिकारीसाठी वापरली जाणारी, आघातानंतर पसरणारी रायफलची गोळी. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेला नर सुमारे ३०० किग्रॅ. वा अधिक वजनाचा असतो. त्याचे स्नायू जाड व हाडे भक्कम असल्याने गोळीने फुटून न जाता हृदय-फुप्फुसांपर्यंत खोल शिरणे आवश्यक ठरते.

प्रकार : साध्या गोळीत शिशाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असते, जवळून मारल्यास ती वेगामुळे फुटू शकते. जॉन नॉस्लर यांनी १९४८ मध्ये विक्रीस आणलेल्या ‘पार्टिशन’ गोळीत धातूच्या आडव्या पडद्याने गाभ्याचे दोन भाग केलेले असतात. पुढचा पसरतो, मागचा अखंड राहून आत शिरतो. ‘बंधित’ गोळीत गाभा आवरणाला पक्का जोडलेला असतो. संपूर्ण तांब्याची गोळी आपले बहुतेक वजन टिकवते.

निवड : .३०-०६ रायफलसाठी १६५ ते १८० ग्रेन (सु. १०.७ ते ११.७ ग्रॅ.) वजन प्रचलित आहे. गोळी पसरण्यासाठी आघातवेळी पुरेसा वेग लागतो, म्हणून अंतराचा विचार अटळ ठरतो. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची पसरणारी गोळी बंधनकारक आहे. शिकारीच्या अवशेषांत राहिलेले शिशाचे कण खाऊन गिधाडे व कॉन्डॉर विषबाधेने मरतात. त्यामुळे कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. जनावराला यातना न होता त्वरित मृत्यू यावा, ही शिकाऱ्याची नैतिक जबाबदारी होय. योग्य गोळीइतकाच अचूक नेमही त्यासाठी आवश्यक असतो.