धंद्याची निवड आणि कोयत्याचा इतिहास



परीक्षा आटोपल्या की घरोघरी एकच प्रश्न निघतो: मुलाने कोणता धंदा धरावा? ‘ज्यात चार पैसे मिळतील तो’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु ते चार पैसे कशाने मिळतात, याची चौकशी क्वचितच होते. मेहनतीने मिळतात म्हणावे, तर आपल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार केव्हाच श्रीमंत झाला असता. म्हणून त्याचाच इतिहास आज पाहू.

आमच्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. शेजारच्या नगर जिल्ह्यात मात्र १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यामागून पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांगच लागली व ऊस तोडणारे हात हवे झाले. १९७२ च्या दुष्काळानंतर पाटोदा, शिरूर, धारूर भागांतील माणसांचा तिकडचा ओघ फार वाढला. त्यांनी धंदा निवडला नाही; दुष्काळाने तो त्यांच्या गळ्यात घातला.

या धंद्याचा हिशेब पाहा. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ होतो. एकटा असेल तर अर्धा. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि पुढे ऊस तोडून, मोळ्या बांधून, गाडी भरून ती टनावर फेडायची. फिटली नाही, तर पुढचा हंगामही गहाण पडतो. घासाघीस करण्याआधीच पैसे खर्चून बसलेल्या माणसाला भाव वाढवून मागण्याची सोय राहत नाही. बाईची मजुरी जोडीत बुडते. २०१९ साली याच जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी सरकारला करावी लागली. शरीराची ही झीज टनाच्या दरात कोणी धरीत नाही.

दर वाढला तो कसा? बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी कामगारांची बाजू लावून धरली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. हात तेच, कोयताही तोच होता. वाढ मिळाली ती एकजुटीने बोलणी केल्यामुळे. मात्र आता फडात यंत्रे उतरू लागली आहेत, हेही विसरता कामा नये.

म्हणून मुलाला धंद्यात घालताना तीन गोष्टी विचाराव्यात. भाव कोण ठरवतो? दाम कामानंतर मिळतो, की आधी कर्ज काढावे लागते? दहा वर्षांच्या अनुभवाला नवशिक्यापेक्षा अधिक मोल आहे काय? कोयत्याच्या धंद्यात तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. उलट वय वाढते तशी तोड घटते.

पण हे प्रश्न विचारण्याची संधी तरी ज्याची शाळा सुटली नाही त्यालाच. दसऱ्याच्या सुमारास गाड्या निघतील, तेव्हा आईबापांबरोबर पोरेही फडावर जातील. शहरवासीयांनी वसतिगृहांसाठी आग्रह धरावा, जमेल त्याने एखादे मूल मागे ठेवून घ्यावे. त्या मुलाच्या धंद्याची निवड तिथूनच सुरू होईल.